दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांतील ‘आवडता भाग’ : एक चिकित्सा

बीजशब्द : विनोद, दूरचित्रवाणी मालिका, चिमणराव, टिपरे, फ्लॉप शो, हास्यरस, मराठवाडी बोली.

प्रस्तावना

मराठी विनोदी वाङ्मयाची समीक्षा विपुल प्रमाणात झालेली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे या परंपरेवर प्रबंध लिहिले गेले, चर्चासत्रे झाली. मात्र ज्या माध्यमातून सामान्य मराठी माणूस गेली पाच दशके घरबसल्या हसत आला आहे, त्या दूरचित्रवाणीच्या विनोदाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमीच गेले. मालिका म्हणजे घटकाभराची करमणूक, अशी धारणा यामागे असावी. प्रस्तुत लेखात एका साध्या प्रश्नाच्या आधारे या विनोदाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. तो प्रश्न असा : जुन्या विनोदी मालिकांतील सर्वांत हास्यकारक भाग कोणता? प्रश्न गप्पांतला असला तरी त्याचे उत्तर शोधताना विनोदाचे निकष तपासावे लागतात आणि आपण कोणाला हसतो, हेही पाहावे लागते.

व्यक्ती लक्षात राहते, भाग राहत नाही

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या केंद्रावरून सादर झालेली ‘चिमणराव’ ही मालिका मराठी दूरचित्रवाणी विनोदाचा आरंभबिंदू मानता येईल. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ही जोडी घरोघरी पोहोचली. या जोडीला आधीचा इतिहास होता. चिं. वि. जोशी यांच्या कथांतून जन्मलेली ही माणसे १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटातून दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपाने पडद्यावर आली होती.

या मालिकेचा कोणता भाग सर्वांत आवडला, असे त्या पिढीतील प्रेक्षकाला विचारले तर बहुधा भागाचे वर्णन मिळत नाही. मिळते ते चिमणरावाच्या चेहऱ्याचे, टोपीचे, बावरलेल्या हालचालींचे वर्णन. हे केवळ स्मरणशक्तीचे दौर्बल्य नव्हे. चिं. वि. जोशी यांचा विनोद मुळात स्वभावनिष्ठ आहे. मूळ कथांत चिमणराव स्वतःच निवेदक असतो. तो आपले शहाणपण सांगू पाहतो आणि नकळत आपलाच भित्रेपणा व भोळसटपणा उघडा करतो. छोट्या पडद्यावर हे निवेदन अभिनयात रूपांतरित करावे लागले. निवेदकाच्या वाक्यातील विसंगती नटाच्या मुद्रेत आली. परिणामी घटना मागे पडली आणि मुद्रा स्मरणात राहिली.

येथे एका व्यावहारिक अडचणीची नोंद करणे आवश्यक आहे. त्या काळात चित्रफिती महाग असल्याने ध्वनिचित्रमुद्रण पुसून तीच फीत पुन्हा वापरण्याची प्रथा अनेक देशांत होती. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या ‘डॅड्ज आर्मी’सारख्या लोकप्रिय विनोदी मालिकेचे काही भाग याच कारणाने नाहीसे झाले. ‘चिमणराव’चे सर्व भाग क्रमाने समोर ठेवून अभ्यास करण्याची सोय आजच्या संशोधकाला नाही. कादंबरीच्या अभ्यासकाला ग्रंथालय असते, तर मालिकेच्या अभ्यासकाला अनेकदा प्रेक्षकांच्या आठवणींवरच विसंबावे लागते. ‘आवडता भाग’ हा प्रश्न म्हणूनच जतनाचाही प्रश्न ठरतो.

टिपरे : स्मिताचा विनोद

२००१ मध्ये अल्फा मराठी (पुढे झी मराठी) वाहिनीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारित या मालिकेचे दिग्दर्शन केदार शिंदे यांनी केले. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या या तीन पिढ्यांचे हे घर. अनुदिनी म्हणजे रोजनिशी. रोजनिशीत मोठे प्रसंग क्वचितच येतात. तिच्यात दिवस येतात. म्हणून या मालिकेतील विनोद घरातील क्षुल्लक मतभेदांतून, गैरसमजांतून, पिढ्यांच्या अंतरातून उमलतो.

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत. टिपरे कुटुंबाचा विनोद यांपैकी पहिल्या दोन प्रकारांत मोडतो. जो नट तिशीत चिमणराव झाला, तोच सत्तावन्नाव्या वर्षी आबा झाला, ही बाबही अर्थपूर्ण आहे. चिमणराव हा घरातील हास्याचा विषय होता, तर आबा हे त्या हास्याचे साक्षी आहेत. मध्यमवर्गाने स्वतःकडे पाहण्याची दृष्टी या पाव शतकात सौम्य आणि काहीशी स्वसंतुष्ट झाली, असा निष्कर्ष यातून काढता येईल. टिपऱ्यांच्या घरी कोणी फार चुकत नाही. चुकले तरी अर्ध्या तासात सारे सावरते. हे या मालिकेचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही.

भाग हाच घटक : ‘फ्लॉप शो’

याउलट उदाहरण हिंदीत आढळते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या आणि शरद जोशी यांनी लिहिलेल्या ‘ये जो है ज़िंदगी’मध्ये सतीश शाह प्रत्येक भागात नवी भूमिका करीत. त्यामुळे प्रत्येक भागाला स्वतंत्र ओळख मिळाली. जसपाल भट्टी यांच्या १९८९ मधील ‘फ्लॉप शो’ने पुढचे पाऊल टाकले. येथे कायमचे कुटुंबच नाही. प्रत्येक भागात नवा व्यवसाय, नवा भ्रष्टाचार आणि भट्टी यांची नवी भूमिका. ही मालिका अवघ्या दहा भागांची आहे. ब्रिटनमधील ‘फॉल्टी टॉवर्स’ ही मालिकाही बाराच भागांची होती. मोजकी संख्या आणि स्वयंपूर्ण रचना या दोन कारणांनी अशा मालिकांचा एकेक भाग वेगळा आठवतो. चार वर्षे चाललेल्या मालिकेत भाग एकमेकांत मिसळून जातात.

प्रस्तुत लेखकाच्या मते ‘फ्लॉप शो’मधील पीएच.डी.विषयक भाग हा भारतीय दूरचित्रवाणीवरील सर्वांत हास्यकारक भागांपैकी एक आहे. मार्गदर्शक प्राध्यापक आपल्या संशोधक विद्यार्थ्याला घरकामाला जुंपतो, प्रबंध बाजूला राहतो आणि विद्यार्थी निमूटपणे सारे सोसतो. मालिकेतील भाग ज्यांची थट्टा करायची त्यांनाच उपरोधाने अर्पण केलेले असत आणि शेवटी चित्रपटगीताचे विडंबन येई. कृतज्ञतेची भाषा वापरून केलेला हा उपहास अत्यंत परिणामकारक आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ यांनी सजीव माणसावर यांत्रिकतेचे आवरण चढले की हसू येते, असे प्रतिपादन केले. या भागातील मार्गदर्शक दुष्ट नाही. तो केवळ एका रूढ यंत्रणेचा चालक आहे आणि म्हणूनच तो हास्यास्पद ठरतो.

हा भाग महाविद्यालयीन शिक्षकाने पाहताना हास्य काहीसे अवघडते. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करणे आवश्यक केले. २०२२ च्या नियमांनी ही सक्ती काढली. नियम बदलले, तरी मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीवर विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून असणे बदललेले नाही. या भागाची मर्यादाही येथेच दिसते. विद्यार्थ्याची असहायता विनोदासाठी वापरली जाते, तिच्या मुळाशी मात्र भाग जात नाही. तरीही आपल्याच व्यवसायाला हसायला लावण्याचे धैर्य त्यात आहे.

मराठवाड्याचे हसू

या सर्व मालिकांत आपला प्रदेश कोठे आहे? चिमणरावाचे घर पुण्याचे, टिपऱ्यांचे मुंबईचे. दोन्ही घरांत बोलली जाते ती प्रमाण मराठी. त्याच सत्तरच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ घडवीत होते. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेल्या या कलावंताने (निधन २००९) एकट्याने ५२ व्यक्तिरेखा रंगविल्या. या प्रयोगात मराठवाडी बोली बोलणारी माणसे केंद्रस्थानी आहेत आणि विचित्र वाटते ते विमान, विमानतळ आणि लंडन. प्रेक्षक त्या माणसांसह हसतो. ती बोली आपली आहे, याचा त्याला संकोच वाटत नाही.

अलीकडच्या वाहिन्यांवरील विनोदी प्रहसनांत ग्रामीण बोली मुबलक ऐकू येते. परंतु अनेकदा तिचा उच्चार हाच विनोद ठरतो. पात्र काय म्हणते यापेक्षा ते कसे म्हणते, यावर हशा मिळतो. परीक्षक आणि निमंत्रित प्रेक्षक यांचे मोठ्याने हसणे भरताच्या अतिहसिताची आठवण करून देते. बोलीला पडद्यावर प्रवेश मिळाला, पण तिला बहुधा पाहुणीचीच जागा मिळाली, असे खेदाने म्हणावे लागते.

निष्कर्ष

१. स्वभावनिष्ठ मालिकांत व्यक्ती, तर उपहासपर मालिकांत भाग स्मरणात राहतो. हा फरक रचना व भागसंख्या यांतून निर्माण होतो.

२. जतनाअभावी दूरचित्रवाणी विनोदाची समीक्षा आठवणींवर विसंबून राहते. विद्यापीठांतील नाट्यशास्त्र व मराठी विभागांनी प्रेक्षकांच्या आठवणींचे पद्धतशीर संकलन हाती घेणे इष्ट ठरेल.

३. उत्तम विनोदी भाग प्रेक्षकाला दुसऱ्यावर नव्हे, तर स्वतःवर हसायला लावतो. या निकषावर ‘फ्लॉप शो’चा पीएच.डी.विषयक भाग शिक्षकवर्गासाठी आजही उपयुक्त आहे.

४. मराठवाड्याच्या बोलीने रंगमंचावर मिळविलेली प्रतिष्ठा दूरचित्रवाणी विनोदात अद्याप पुरेशी उतरलेली नाही. टिपऱ्यांसारखे एखादे घर जालन्याला किंवा परभणीला असावे आणि तेथील बोलण्याला नव्हे, तर तेथील जगण्यातील विसंगतीला महाराष्ट्राने हसावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.