‘कोमा’: खलनायक पाइपात, धोका भात्यात

हॉस्पिटलमधले थ्रिलर तुम्हाला आवडत असतील तर ‘कोमा’ (१९७८) एव्हाना कुणीतरी सुचवला असेलच. रॉबिन कुकची कादंबरी, मायकेल क्रायटनचं दिग्दर्शन, बोस्टनचं एक हॉस्पिटल. साध्या ऑपरेशनला आलेले धडधाकट लोक भुलीतून उठतच नाहीत. शोध घेणाऱ्या डॉ. सुझन व्हीलरचं कुणी ऐकत नाही, आणि ती बाई आहे म्हणून ऐकत नाही, हे क्रायटनने नीट दाखवलंय. तेवढा भाग आजही पकड घेतो.

माझी तक्रार उलगड्याबद्दल आहे. (सिनेमा बघायचा असेल तर इथेच थांबा.) आठ नंबरच्या थिएटरमध्ये ऑक्सिजनच्या लाइनमधून गुपचूप कार्बन मोनॉक्साइड सोडला जातो.

कल्पना हुशार आहे. आजचा बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटरही इथे फसेल, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. पण या कथेत भूलयंत्र नुसता निरोप्या ठरतं. पाइपातून आलं, ते पुढे पोचवलं.

प्रत्यक्षात काय होतं? बाजाच्या पेटीचा भाता आठवा. पारंपरिक भूलयंत्राच्या व्हेंटिलेटरमध्ये पारदर्शक डब्यात घड्यांचा भाता असतो. पेशंटला द्यायचा वायू भात्याच्या आत. भात्याच्या बाहेरून, डब्यात, दाबाखाली दुसरा वायू येतो, भाता दाबतो, आणि छातीत श्वास जातो. बाहेरचा वायू सोडून दिला की छाती आपोआप खाली बसते, भाता पुन्हा भरतो. दोन्ही वायू एकमेकांत मिसळत नाहीत. भूलतज्ज्ञ हाताने पिशवी दाबतो, तेच काम इथे वायू करतो.

आता खरी मेख बघा. काही यंत्रांत भाता वरून खाली लोंबत असे. नळी निसटली तरी तो स्वतःच्या वजनाने खाली यायचा, खोलीतली हवा ओढायचा, परत दाबला जायचा. लांबून बघणाऱ्याला सगळं आलबेल. पेशंटला मात्र श्वासच नाही. तोच भाता खालून वर उभा केला, तर नळी निसटल्यावर तो कोसळतो आणि कोसळलेलाच राहतो. बिघाड डोळ्यांना दिसतो.

त्याच १९७८ मध्ये, त्याच बोस्टनमध्ये, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या जेफ्री कूपर आणि सहकाऱ्यांनी भूल देतानाच्या ३५९ टाळता येण्याजोग्या घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांत, म्हणजे ८२ टक्के घटनांत, माणसाची चूक होती. उपकरणाचा उघड बिघाड फक्त १४ टक्क्यांत. पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टींत श्वासाची नळी निसटणं होतं.

‘कोमा’ इथे कमी पडतो. खलनायक सापडला की सिनेमा संपतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो. कूपर यांच्या घटनांत पकडायला कुणी नव्हतं. होती ती दमलेली माणसं, आणि चूक लपवू शकणारी यंत्रं. म्हणून उपायही साधे निघाले: उभा भाता, दाब पडला की वाजणारा अलार्म, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं.

आईबाबांचं ऑपरेशन ठरलं आणि फोनवर ‘मशीन बंद पडलं तर?’ असं विचारलं, तर त्यांना हा सिनेमा सांगू नका. उभा भाता का बरा, ते सांगा. आणि हो, सिनेमाच्या नायकाचं आडनाव माहितेय? बेलोज. म्हणजे भाताच!