ताटावरचे विडंबन
विडंबन मूळ कृतीची थट्टाच करते, हा समज सर्वस्वी खरा नव्हे. अमेरिकन विडंबनकार ‘विअर्ड ॲल’ यांकोविक याचे १९८४ मधील ‘ईट इट’ हे गीत या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. मायकेल जॅक्सनच्या ‘बीट इट’चे हे विडंबन, त्यास जॅक्सनची संमती होती. मूळ गीत मारामारीपासून पळ काढण्यास बजावते. विडंबनात तोच दरारा जेवताना कुरकुरणाऱ्यावर चालतो. चाल तीच, आवेश तोच. बदलतो तो प्रसंग. म्हणून हसू येते ते जॅक्सनचे नव्हे, तर ताटाचे रणांगण करणाऱ्या वडीलधाऱ्यांचे.

अनुवादकाची कसोटी लागते ती शीर्षकापाशी. तेथील विनोद एका व्यंजनाच्या लोपावर उभा आहे. मराठीत ‘पळ’च्या जागी ‘गिळ’ म्हटल्यास संतापलेल्या आईचा अस्सल शब्द हाती येतो. परंतु ध्वनीची चपळाई उणावते. शिवाय मूळ चाल कानात नसेल तर सारेच व्यर्थ. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाची गोडीही मूळ कवितांच्या परिचयावरच अवलंबून आहे. तेव्हा अशा गीताचे भाषांतर न करता, मराठी कानाला परिचित अशा चालीवर ते नव्याने रचणे, हाच प्रामाणिक अनुवाद होय.