'माहीत नाही' म्हणण्याची जागा

सीमाभागातल्या मराठी माणसाला कन्नडमधला पहिला शब्द कोणता येतो असे विचारले, तर बहुतेक जण हसून 'गोत्तिल्ला' असे सांगतील. गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही. बसमध्ये, कचेरीत, बाजारात या एका शब्दाच्या आधारावर आमच्यापैकी कितीतरी जणांनी वर्षे काढली. गंमत अशी, की भाषेच्या बाबतीत आम्ही हा शब्द बिनदिक्कत वापरतो. ज्ञानाच्या बाबतीत मात्र तो तोंडातून बाहेर पडता पडत नाही. त्यातही आम्हा मास्तर लोकांच्या तोंडातून तर नाहीच.

दूरदर्शन संचावरील प्रश्नमंजूषेच्या खेळाकडे या एकाच बाजूने पाहावे, असे बरेच दिवस मनात होते. समीक्षा कथा-कादंबरीची करायची असते, असल्या खेळाची कसली समीक्षा, असे कुणी म्हणेल. पण या खेळालाही ठरलेला घाट आहे, संघर्ष आहे, उत्कर्षबिंदू आहे. शिवाय त्याच्यावर एक गाजलेली कादंबरी आणि दोन नावाजलेले चित्रपट निघाले आहेत. तेव्हा त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहेच. माझा प्रश्न साधा आहे: ज्याला उत्तर येत नाही त्या माणसाचे हा खेळ काय करतो?

माझ्या पिढीला हा प्रकार प्रथम भेटला तो १९८५ साली, सिद्धार्थ बसूंच्या 'क्विझ टाइम'मधून. महाविद्यालयांतली हुशार मुले भराभर इंग्रजीत उत्तरे देत आणि मी, मराठी शाळेतला मुलगा, शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसून ती ऐकत असे. तो हुशारांचा खेळ होता. आपण फक्त पाहायचे. हे चित्र पालटले ते ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले तेव्हा. मूळ खेळ ब्रिटनमधला, १९९८ सालचा. आपल्याकडे अमिताभ बच्चन यांनी तो असा काही रुजवला, की पुढे त्याची भाषांतरे घरोघर आली. २०१२ मध्ये पुनीत राजकुमार यांनी तो कन्नडमध्ये आणला, २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांनी मराठीत. आमच्या घरात एकच खेळ तीन भाषांतून पाहिला गेला आणि तिन्ही भाषांत माणसे अडकली की त्यांचे चेहरे सारखेच होत, हे मी पाहिले.

या खेळाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पहिल्या पर्वात पंधरा प्रश्न होते. एक हजारापासून एक कोटीपर्यंतच्या पायऱ्या. पाचव्या पायरीवर दहा हजार आणि दहाव्या पायरीवर तीन लाख वीस हजार, असे दोन मुक्काम. चुकलात तर मागच्या मुक्कामावर घसरायचे. पण उत्तर न देता खेळ सोडलात, तर तोवर मिळवलेले सगळे घेऊन घरी जायचे. माझ्या मते या खेळाचा प्राण या एका नियमात आहे. लोक मदतीच्या तीन वाटांबद्दल, त्या प्रकाशाबद्दल आणि संगीताबद्दल बोलतात. मला मात्र तो क्षण महत्त्वाचा वाटतो, जेव्हा समोरचा माणूस पाण्याचा घोट घेऊन म्हणतो, 'सर, मला माहीत नाही. मी थांबतो.' आणि सभागृह टाळ्या वाजवते! आपल्या सार्वजनिक जीवनात आणखी कुठे अज्ञानाच्या कबुलीला टाळ्या मिळतात? सभेत नाहीत, वर्गात तर नाहीतच.

२००० साली पहिला कोटी जिंकणारा हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण आपल्याला आठवतो. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कुणाला देते, या प्रश्नाला त्याने महान्यायवादी हे उत्तर दिले आणि घराघरांत त्याचे नाव झाले. पण मला त्याच्याइतक्याच मोठ्या वाटतात त्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे. शाळेत महिना दीड हजारावर खिचडी शिजवणाऱ्या या बाईंनी २०१९ साली एक कोटी जिंकले, आणि पुढे सात कोटींच्या प्रश्नावर त्या थांबल्या. आमच्याकडे 'अक्षर दासोह' योजनेत मुलांचे जेवण शिजवणाऱ्या बायका मी रोज पाहतो, म्हणून ही गोष्ट मला अधिक भिडली. कोटी जिंकण्यासाठी ज्ञान लागले असेल. सात कोटींसमोर थांबण्यासाठी आपल्या ज्ञानाची हद्द माहीत असावी लागते.

पण टीकाकाराने गुणांबरोबर दोषही सांगावा. खेळ सोडलेल्या स्पर्धकाला लगेच विचारले जाते, 'आता सांगा, उत्तर द्यायचेच असते तर कोणते दिले असते?' बिचारा काहीतरी सांगतो. ते चूक निघाले तर 'बरे झाले थांबलात'. बरोबर निघाले तर सगळे सभागृह हळहळते. म्हणजे दोन मिनिटांपूर्वी ज्या संयमाला टाळ्या दिल्या, त्याचीच चूक काढायची. अंदाज खरा निघाला म्हणून त्याचे ज्ञान होत नाही, हे साधे तत्त्व इथे खेळ स्वतःच विसरतो. माझ्या लेखी हा या कार्यक्रमाचा सर्वांत मोठा दोष आहे. स्पर्धकांच्या दारिद्र्याच्या लांबलचक चित्रफिती आणि अश्रू हा त्याच्यानंतरचा.

आता अमेरिकेतली एक गोष्ट. १९५६ साली तिथे 'ट्वेन्टी-वन' नावाचा खेळ लोकप्रिय होता. स्पर्धक काचेच्या बंद खोलीत कानांवर यंत्र लावून उभे राहत. पुढे उघड झाले, की प्रश्न आणि उत्तरे आधीच पुरवली जात; इतकेच नव्हे, तर कुठे अडखळायचे आणि कपाळावरचा घाम कधी टिपायचा हेही शिकवले जात असे. हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाला आता हर असे सांगण्यात आले. १९५५ सालचा सर्वोत्तम चित्रपट कोणता, या प्रश्नाचे 'मार्टी' हे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते. तरी त्याने ठरल्याप्रमाणे चुकीचे उत्तर दिले. त्याच्या जागी आला चार्ल्स व्हॅन डोरेन. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा, नामवंत कवीचा मुलगा, देखणा. देशाने त्याला डोक्यावर घेतले. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सगळे कबूल केले आणि त्याची नोकरी गेली.

रॉबर्ट रेडफर्ड यांचा १९९४ चा 'क्विझ शो' हा चित्रपट याच घटनेवर आहे. त्याचे मोठेपण असे, की तो व्हॅन डोरेनला खलनायक करत नाही. राल्फ फाइन्सने रंगवलेला हा प्राध्यापक पैशासाठी पडत नाही. तो पडतो, कारण सगळ्यांना तो 'सगळे येणारा माणूस' म्हणून हवा असतो आणि त्यालाही ते आवडू लागते. ज्याला येते त्याला 'येत नाही' म्हणायला लावणे आणि ज्याला येत नाही त्याला विचार करण्याचा अभिनय शिकवणे, या दोन्ही गोष्टी चित्रपट समोरासमोर ठेवतो. तो चित्रपट पाहताना मी अस्वस्थ झालो होतो. व्हॅन डोरेन काही झाले तरी मास्तरच होता.

विकास स्वरूप यांची 'क्यू अँड ए' (२००५) ही कादंबरी आणि तिच्यावरचा 'स्लमडॉग मिलियनेअर' (२००८) हा चित्रपट यांची वाट निराळी. कादंबरीचा नायक राम मोहम्मद थॉमस हा वेटर. तो बारा प्रश्नांची उत्तरे देऊन एक अब्ज रुपये जिंकतो आणि लगेच पोलिसांच्या तावडीत सापडतो, कारण असल्या पोराला हे सगळे येईलच कसे? मग तो वकीलबाईंना एकेका उत्तरामागचे आयुष्य उलगडून सांगतो. शाळेबाहेरही माणूस शिकतो, आणि ते शिकणे आपण मोजत नाही, हा कादंबरीचा मुद्दा मला सोळा आणे मान्य आहे. चित्रपटातला तो प्रसंगही मार्मिक आहे: शंभर डॉलरच्या नोटेवर कोण हे जमालला येते, पण तेव्हाच्या हजाराच्या नोटेवर कोण, हे पोलीस विचारतात तेव्हा त्याला सांगता येत नाही.

तरीही दोन्ही कलाकृती शेवटी कच खातात असे माझे मत आहे. कादंबरीत नायकाजवळ नाणेफेकीसाठी एक नाणे असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छाप असल्याचे शेवटी कळते. निदान तिथे निर्णय माणसाचाच आहे. चित्रपटातला जमाल शेवटच्या प्रश्नाला नुसता अंदाज ठोकतो, तो बरोबर येतो, आणि श्रेय जाते विधिलिखिताला. मग आधीचे सगळे भोगणे कशासाठी? आयुष्याने शिकवले, असे दोन तास सांगायचे आणि शेवटी नशिबाच्या पायाशी बसायचे! आठ ऑस्कर मिळाले म्हणून ही त्रुटी लपत नाही. मला उत्तर येत नाही असे म्हणून उठणारा जमाल कुणाला नको होता, कारण तो चित्रपटाच्या कामाचा नव्हता.

एवढे दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी सांगणे भाग आहे. २००६ साली गावातल्या एका केबल वाहिनीने गणेशोत्सवानिमित्त शिक्षकांची सामान्यज्ञान स्पर्धा ठेवली होती. आमच्या शाळेचे आम्ही तिघे. नियम असा, की उत्तर चुकले तर पाच गुण वजा, 'पास' म्हटले तर काहीच नाही. प्रश्न आला: १९२९ साली बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण? दोन्ही सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मराठीचा एम.ए. मीच ना! बेळगाव आणि संमेलन म्हटले की आमच्या भागात एकच नाव ओठांवर येते. १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. १९२९ चे अध्यक्ष मला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नाहीत हेही मला पुरते कळत होते. तरी मी ठणठणीत आवाजात म्हणालो, 'माडखोलकर!' घंटा वाजली. शेजारच्या शाळेच्या बाई शांतपणे 'पास' म्हणाल्या. उत्तर होते, 'काळ'कर्ते शि. म. परांजपे.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला. 'सर, काल तुम्हाला येत नव्हतं, तर तुम्ही पास का नाही म्हणालात?' त्याच्या स्वरात चेष्टा नव्हती. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, 'बस खाली.'

त्या वर्गात 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला मी तासभर उभे करत असे. त्यामुळे मुले काहीतरी ठोकून देत. लागला तर बाण, नाही तर काठी. मी त्यांना अंदाज करायला शिकवत होतो आणि त्यालाच अभ्यास समजत होतो. काल पडद्यावर मी तेच केले होते. काचेच्या खोलीतल्या त्या प्राध्यापकाला निदान उत्तरे कुणीतरी पुरवली होती. मला तीही गरज पडली नाही.

आता मुख्याध्यापक म्हणून दर शनिवारी शाळेत प्रश्नमंजूषा घेतो. 'पास'ला गुण वजा नाहीत आणि पास झालेले प्रश्न फळ्याच्या एका कोपऱ्यात सोमवारपर्यंत पुसायचे नाहीत, हे दोनच नियम मी घातले आहेत. गेल्या महिन्यात सहावीतल्या एका मुलीने मलाच विचारले, 'सर, पाल भिंतीवरनं पडत का नाही?' सवयीने तोंड उघडले होते. मग म्हणालो, 'मला माहीत नाही. विज्ञानाच्या बाईंना विचारून सोमवारी सांगतो.' टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. मुलीने खडू उचलला आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाकला.