तिलिस्म, लिपी आणि वाचक : देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’विषयी

साहित्याच्या इतिहासात काही लेखकांच्या वाट्याला एक चमत्कारिक सन्मान येतो. त्यांनी वाचक निर्माण केले, असे कृतज्ञतेने नोंदविले जाते. आणि लगेच त्यांच्या लेखनाला साहित्य म्हणण्यास नकारही दिला जातो. हिंदीतील देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) हे याचे ठळक उदाहरण होय. रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ मधील ‘हिंदी साहित्य का इतिहास’ या ग्रंथात दोन्ही गोष्टी केल्या आहेत. खत्रींनी जितके वाचक घडविले तितके अन्य कोणा हिंदी ग्रंथकाराने घडविले नाहीत, त्यांच्या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून उर्दू जाणणारे कित्येक लोक हिंदी शिकले, हे ते मान्य करतात. परंतु या कादंबऱ्यांचे लक्ष्य केवळ घटनावैचित्र्य असल्याने, त्यांत रससंचार व चरित्रचित्रण नसल्याने त्या साहित्यकोटीत येत नाहीत, असा निर्वाळाही देतात.

या निर्णयामागे एक गृहीत आहे. वाचक निर्माण होणे ही कृतीच्या बाहेर घडणारी, भाषाप्रसाराच्या खात्यावर जमा करावयाची गोष्ट आहे; कृतीच्या घडणीशी तिचा संबंध नाही, असे ते गृहीत होय. ‘चंद्रकांता’च्या बाबतीत ते टिकत नाही. खत्रींच्या या पहिल्याच कादंबरीची रचना वाचनाच्या क्रियेभोवती उभी आहे. तिचा वाचकवर्ग आणि तिची रचना यांचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो.

१

खत्रींचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. जन्म बिहारमधील पूसा येथे, आजोळी. घराणे पंजाबातून काशीत आलेले. आरंभीचे शिक्षण फारसी-उर्दूचे. हिंदी व संस्कृत यांचा परिचय त्यानंतर काशीत झाला. पुढे काशीनरेशांकडून त्यांना चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका मिळाला. या निमित्ताने डोंगर, दऱ्या, गुहा आणि पडक्या गढ्या यांतून त्यांचे पुष्कळ फिरणे झाले. १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ प्रसिद्ध होऊ लागली, ती या भटकंतीतील भूगोल घेऊनच. नौगढ, विजयगढ आणि चुनार ही तिच्यातील स्थळे काल्पनिक नाहीत; काशीच्या वाचकाला ती नावाने ठाऊक होती. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता आणि तिची अभिलाषा धरणारा चुनारचा शिवदत्त हा प्रेमकथेचा सांगाडा साधा आहे. कथा पुढे नेतात ते ऐयार, म्हणजे वेषांतर, हेरगिरी व युक्तिवाद यांत निष्णात असलेले राजसेवक. आणि त्यांच्यासमोर उभे राहते ते तिलिस्म, म्हणजे खजिन्याभोवती रचलेले गूढ स्थापत्य.

या दोन्ही कल्पना खत्रींना दास्तानांच्या परंपरेतून मिळाल्या. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे प्रचंड खंड उर्दूत छापावयास आरंभ केला होता. अमीर हमजाच्या या कथाचक्रातील अमर ऐयार हा तेजसिंह, देवीसिंह, चपला या ऐयारांचा पूर्वज मानता येईल. परंतु दास्तानातील तिलिस्म हे जादूगारांचे राज्य आहे. तेथे मंत्र खरोखरच चालतात. खत्रींनी तिलिस्म ठेवले आणि जादूगार वगळले. त्यांच्याकडे जे आहे ते यंत्र, रसायन, औषधी आणि स्थापत्य. ऐयाराच्या बटुव्यात बेशुद्धीची पूड असते, शुद्धीवर आणणारा लखलखा असतो, भिंत चढण्यासाठी कमंद असते. चुनारच्या तिलिस्मातील बगळा माणसाला गिळून टाकतो, तेव्हा वाचक चकित होतो. पण पुढे त्यामागील करामतीचा उलगडा त्याला दिला जातो.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मधील आपल्या विवेचनात अलौकिकाचा स्वीकार करणारे आणि अखेरीस लौकिक कारण देणारे असे दोन प्रदेश कल्पून, त्यांच्या सीमारेषेवरील वाचकाच्या संभ्रमाला मध्यवर्ती स्थान दिले. ‘चंद्रकांता’ या आखणीत सरळ बसत नाही. तिचा वाचक संभ्रमात फार वेळ राहात नाही. उलगडा होणारच, याची त्याला खात्री असते. त्याला ओढ लागते ती उलगड्याच्या रीतीची. अद्भुताकडे तो भाविकाच्या नजरेने पाहात नाही. कोडे सोडविणाऱ्याच्या नजरेने पाहतो. दास्तानाच्या श्रोत्यापासून मुद्रित कादंबरीच्या वाचकापर्यंतचे अंतर येथे काटले गेले आहे.

२

हे अंतर कशाच्या साहाय्याने काटले जाते, हे पाहण्यासारखे आहे. दास्तानातील वीराला तिलिस्म फोडण्यासाठी ‘लौह’ नावाची पाटी मिळते आणि तिच्यावर प्रसंगानुरूप सूचना उमटतात. खत्रींच्या वीरेंद्रसिंहाला मिळते ते पुस्तक. कोठे खणावे, कोणते दार कसे उघडावे, हे त्यात लिहिलेले असते. ‘चंद्रकांता संतति’मध्ये तर इंद्रजीतसिंह व आनंदसिंह या पुढील पिढीच्या राजकुमारांचे सारे भवितव्य रक्ताने लिहिलेल्या एका ग्रंथावर अवलंबून राहते. तो हस्तगत करण्यासाठी ऐयारांच्या टोळ्या झुंजतात. तिलिस्म तलवारीने फुटत नाही, ते वाचता आल्यावाचून फुटत नाही.

ऐयारीचाही विचार याच अंगाने करता येतो. ऐयार कोणाचेही रूप घेऊ शकतो. चेहरा धुतल्याखेरीज समोरचा माणूस कोण हे कळत नाही. म्हणून पात्रे एकमेकांना आधी ठरविलेल्या खुणेच्या शब्दांनी पारखतात. खूण चुकली की कैद ठरलेली. वाचकालाही हळूहळू हीच सवय लागते. एखादे पात्र प्रवेश करताच ते तेच आहे की त्याच्या वेषातील दुसरे कोणी, हा प्रश्न तो निवेदकाच्या आधी विचारू लागतो. वरवरच्या रूपावर विश्वास न ठेवणे, मागील तपशील स्मरणात ठेवणे, दुव्याला दुवा जोडणे, ही दीर्घ गद्यकथा वाचण्याची कौशल्ये आहेत. ज्या वाचकापुढे कादंबरी हा प्रकार नवा आणि लिपीही नवी होती, त्याला ही कौशल्ये खत्रींची संहिता स्वतःच शिकविते. वुल्फगांग ईझर यांनी संहितेत अंतर्भूत असलेल्या वाचकाची कल्पना मांडली. येथे त्या वाचकाला संहितेच्या आतच प्रशिक्षण मिळते.

उर्दू लिपीत वाचणारा मनुष्य ‘चंद्रकांता’साठी नागरी अक्षरे गिरवितो, तेव्हा तोही आपल्यापुरते एक तिलिस्मच फोडीत असतो. हे साम्य अलंकारिक वाटेल. पण काळ पाहिला की त्याला आधार मिळतो. काशीत नागरी प्रचारिणी सभा १८९३ मध्ये स्थापन झाली आणि वायव्य प्रांताच्या कचेऱ्यांत नागरीला मान्यता १९०० मध्ये मिळाली. लिपीचा प्रश्न अर्ज, सभा आणि निवेदने यांतून लढविला जात होता त्याच वर्षांत खत्रींची पुस्तके भागाभागाने निघत होती. किती लोक हिंदी शिकले याची मोजदाद कोणी केलेली नाही. या आख्यायिकेत अतिशयोक्ती असू शकेल. तरीही ती याच कादंबरीविषयी का रूढ झाली, याचे उत्तर कादंबरीच्या घडणीत सापडते.

३

वाचकांशी असलेल्या नात्याची खत्रींना जाणीव होती. ‘संतति’ १८९४ च्या सुमारास सुरू होऊन चोवीस भागांनी १९०५ मध्ये पुरी झाली. मध्यंतरी, १८९८ मध्ये, त्यांनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. जंगलाचा ठेकेदार लेखक झाला, आणि लेखक मुद्रक-प्रकाशकही झाला. ‘संतति’च्या अखेरीस ते वाचकांशी थेट बोलतात. ‘चंद्रकांता’ आपण मनोविनोदासाठी लिहिली, तिचा इतका प्रसार होईल असे वाटले नव्हते. लोकांचा अनुराग पाहून आपलाही वाढला, असे ते सांगतात. देशहिताचे व धर्मभावाचे ग्रंथ का लिहिले नाहीत, या मित्रांच्या आक्षेपाला त्यांचे उत्तर व्यवहारी आहे : अप्रसिद्ध लेखकाचा तसला ग्रंथ वाचला कोणी असता? शब्दकोश धुंडाळावा लागू नये अशी भाषा आपण जाणूनबुजून योजिली, असाही त्यांचा दावा आहे. असंभाव्यतेच्या आक्षेपाला ते संभव-असंभवाच्या कल्पना देशकालाप्रमाणे बदलतात असे म्हणून उत्तर देतात. आणि या गोष्टी खऱ्याखोट्याच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या नाहीत, कुतूहल वाढविण्यासाठी आहेत, हेही नमूद करतात.

हे निवेदन विनम्र दिसते. त्यामागे वाचकाच्या आवडीला प्रमाण मानणारी भूमिका आहे. ती किती परिणामकारक ठरली हे भूतनाथाच्या पात्रावरून दिसते. ‘संतति’मधील हा ऐयार कलंकित भूतकाळ लपविणारा, पकडला जाण्याच्या धास्तीत जगणारा आहे. त्याने आपली जीवनकथा लिहून द्यावी, असे कथेतच ठरते आणि ते वचन पुढील ‘भूतनाथ’ या कादंबरीचे निमित्त होते. खत्रींच्या निधनामुळे ती अपुरी राहिली व त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली. ज्या लेखकाकडे चरित्रचित्रण नाही असे म्हटले गेले, त्याच्याच एका पात्राला स्वतंत्र चरित्राची गरज निर्माण झाली, ही बाब शुक्लांच्या निर्णयाचा फेरविचार करावयास लावते.

४

तथापि खत्रींचे केवळ मंडन करून भागणार नाही. त्यांच्या तिलिस्माचा एक नियम अडचणीचा आहे. निपुत्रिक पण धनाढ्य राजा तिलिस्म बांधवितो, ज्योतिषी भावी अधिकाऱ्याचे नाव काढतात, आणि ज्याच्या नावे ते बांधले त्यालाच ते फोडता येते. म्हणजे कथेतील पुस्तक सर्वांसाठी नाही. वाचण्याचा अधिकार जन्माने ठरलेला आहे. ऐयार कितीही बुद्धिमान असला तरी खजिना राजपुत्राचाच. सरंजामी व्यवस्थेला या अद्भुताने कोठेही धक्का दिलेला नाही. मात्र कथेबाहेर, लहरी प्रेसच्या दुकानात, तेच पुस्तक दाम मोजणाऱ्या कोणालाही मिळत होते. कथेचे विधान एक आणि पुस्तकाचा व्यवहार दुसरा, हा विरोध खत्रींनी सोडविला नाही. बहुधा त्यांना तो जाणवलाही नसावा. ‘चंद्रकांता’चे ऐतिहासिक महत्त्व या विरोधातच आहे.

मराठी अभ्यासकांना हा प्रश्न परका नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची झडती काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या आपल्या निबंधात घेतली. पुढे हरिभाऊ आपट्यांपासून वास्तवाभिमुख कादंबरीचा प्रवाह सुरू झाला, आणि आधीचे सारे पूर्वतयारी म्हणून बाजूला पडले. हिंदीत ‘चंद्रकांता’ अवतरली ती मराठीत हे वळण येत असतानाच. फरक असा की, हिंदी इतिहासकाराला खत्रींच्या वाचकांची दखल घेणे टाळता आले नाही. मराठीत अद्भुतरम्य कादंबरीच्या वाचकाविषयी आपण संभाव्यतेच्या निकषापलीकडे फारसे काही विचारलेच नाही. तो कोण होता, तो काय वाचावयास शिकला, हरिभाऊंना मिळालेल्या वाचकात त्याचा अंश किती, हे प्रश्न शिल्लक आहेत.

१९९४ ते १९९६ या काळात दूरदर्शनवरील मालिकेने ‘चंद्रकांता’ हे नाव मराठी घरांतही पोहोचविले. ती मालिका मूळ कथेपासून पुष्कळच दूर गेलेली होती. आणि प्रेक्षकाला कोणतीही लिपी शिकावी लागत नव्हती. त्यामुळे कथानक उरले, वाचनाची कसोटी मात्र गळाली. खत्रींचे अद्भुत त्या कसोटीवर उभे होते. कृतीचे साहित्यमूल्य ठरविताना ती वाचकाला काय दाखविते याबरोबरच ती त्याच्याकडून काय करवून घेते, हेही विचारात घ्यावयास हवे. तसे केल्यास शुक्लांनी एकापाठोपाठ नोंदविलेली दोन विधाने परस्परविरोधी ठरतात, आणि त्यांतील दुसऱ्याचा आधार पहिल्यानेच काढून घेतलेला दिसतो.