'द स्कूल फॉर स्कँडल' : संहिता, आडपडदा आणि प्रेक्षागृह

रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन याच्या 'द स्कूल फॉर स्कँडल' या सुखात्मिकेची लेखकाने स्वतः तपासून प्रसिद्ध केलेली प्रत त्याच्या हयातीत निघालीच नाही. नाटकाचा पहिला प्रयोग ८ मे १७७७ रोजी ड्रूरी लेन नाट्यगृहात झाला. शेरिडन १८१६ मध्ये निवर्तला. मधल्या एकोणचाळीस वर्षांत डब्लिनमध्ये अनधिकृत प्रती छापल्या गेल्या. त्यांपैकी १७९९ ची प्रत त्याने आपल्या बहिणीकडे पाठविलेल्या हस्तलिखितावरून सिद्ध झाली, असे त्याचा चरित्रकार टॉमस मूर सांगतो. भाषा अजून मनासारखी साधली नाही, ही सबब शेरिडन प्रकाशकास देत राहिला. हस्तलिखितांचा साकल्याने विचार करून सिद्ध केलेली सेसिल प्राइस यांची आवृत्ती १९७३ साली ऑक्सफर्डहून निघाली. तेव्हा जवळजवळ दोन शतके हे नाटक नटांच्या मुखी, सूचकाच्या वहीत आणि चोरट्या छपाईत नांदत होते. अशा नाटकाचा प्रयोगेतिहास हा त्याच्या वाङ्मयीन अभ्यासाचे परिशिष्ट मानून चालत नाही; संहितेचा अर्थ लावण्याचे कार्य पुष्कळ अंशी या इतिहासातच झालेले आहे.

लेखनाची कुळकथाही हेच दर्शविते. लेडी स्नीअरवेलच्या निंदकमंडळाचे एक कच्चे टिपण आणि वृद्ध सर पीटर टीझल व त्याची खेड्यातून आलेली तरुण पत्नी यांच्या कलहाचे दुसरे, अशी दोन निरनिराळी टिपणे मूरने १८२५ च्या चरित्रात छापली. हे दोन धागे एकत्र विणून शेरिडनने नाटक उभे केले. विणकामाचा सांधा टीकाकारांना नेहमीच दिसत आला आहे: निंदकांच्या संभाषणाने कथानक फारसे पुढे सरकत नाही, आणि कथानक धावू लागले म्हणजे निंदक मागे पडतात. वाचनात हा दोष वाटतो, प्रयोगात क्वचितच वाटतो. कारण निंदकांचे प्रवेश प्रेक्षकाला एक सवय लावतात. दाराआड, भिंतीआड काय चालले आहे याविषयी कुतूहल बाळगण्याची ती सवय चौथ्या अंकात कामी येते.

पहिला प्रयोग निर्विघ्न झाला असे नाही. आदल्या दिवशी परवाना नाकारण्यात आला. लंडन शहराच्या चेंबरलेनपदाच्या निवडणुकीत जॉन विल्क्सविरुद्ध उभ्या असलेल्या बेंजामिन हॉपकिन्सवर अज्ञान वारसांना जबर व्याजाने कर्ज दिल्याचा आरोप होता, आणि मोझेस या सावकाराच्या पात्रात त्याच्यावर रोख असल्याचा संशय घेतला गेला. शेरिडनने लॉर्ड चेंबरलेनची भेट घेऊन परवाना मिळविला. प्रास्ताविक पद्य निवृत्त झालेल्या गॅरिकने लिहून दिले होते. टॉमस किंग (सर पीटर), फ्रान्सेस अॅबिंग्टन (लेडी टीझल), जॉन पामर (जोसेफ) आणि 'जंटलमन' स्मिथ (चार्ल्स) ही चौकडी इतकी जुळून आली की भूमिका या नटांना बेतून लिहिल्यासारख्या वाटल्या, आणि लेखक त्याच मंडळीचा व्यवस्थापक असल्याने त्या तशा लिहिल्याही असाव्यात. पामरविषयीची आख्यायिका येथे उद्धृत करण्यासारखी आहे. मंडळी सोडून गेलेला पामर पश्चात्तापाने छातीवर हात ठेवून आपले अंतःकरण उघडे करू लागला, तेव्हा शेरिडनने त्यास आठवण करून दिली, की हे भाषण आपणच लिहिलेले आहे.

आता चौथ्या अंकातील आडपडद्याचा प्रवेश. जोसेफच्या ग्रंथालयात लेडी टीझल आलेली असताना सर पीटर येतो. ती आडपडद्यामागे लपते. मग चार्ल्स येतो. सर पीटर कोठडीत शिरतो. अखेरीस चार्ल्स आडपडदा पाडतो. फ्रेडरिक रेनॉल्ड्स हा पुढे नाटककार झालेला मुलगा त्या पहिल्या रात्री नाट्यगृहालगतच्या वाटेने जात होता. डोक्यावर झालेल्या गडगडाटाने इमारत कोसळते आहे असे समजून तो जीव घेऊन पळाला. दुसऱ्या दिवशी त्यास कळले की तो आवाज आडपडदा पडताच झालेल्या हर्षध्वनीचा होता. गोष्ट सर्वश्रुत आहे, आणि ती सांगून थांबण्याचा प्रघातही आहे. परंतु त्या गडगडाटाचे कारण केवळ पडद्यामागे कोण आहे हे उघड होणे नव्हे, कारण प्रेक्षकाला ते आधीपासून ठाऊक असते. प्रेक्षक जवळजवळ सबंध प्रवेशभर एका न दिसणाऱ्या व्यक्तीचे ऐकणे पाहात असतो. सर पीटर जोसेफला विश्वासात घेऊन सांगतो, की पत्नीस आपण हयात असेपर्यंत वर्षाला स्वतंत्र ८०० पौंड आणि मागे आपल्या संपत्तीचा मोठा भाग मिळेल अशी तजवीज आपण केली आहे. हे शब्द जोसेफला उद्देशून आहेत. रंगभूमीच्या दृष्टीने ते आडपडद्याला उद्देशून आहेत. उघडकीस आल्यावर लेडी टीझल जोसेफची सारवासारव फेटाळते, आणि आपण साक्षीला आहो हे ठाऊक नसताना पतीने दाखविलेल्या ममतेचाच ती उल्लेख करते.

(प्रवेशाच्या आरंभी जोसेफ हाच आडपडदा खिडकीपुढे ओढून घेतो, कारण समोरची प्रौढ कुमारिका फार चौकस आहे. म्हणजे लेडी टीझल पडद्यामागे, पण खिडकीसमोर उभी राहते, आणि शेजारणीला ती स्पष्ट दिसत असली पाहिजे. ही लेखकाची नजरचूक की खट्याळपणा, यावर वाद झाले आहेत. निंदेची शाळा भरविणाऱ्या नाटकात ती नजरचूक असणे कठीण वाटते.)

चार्ल्स लॅमचा कृत्रिम सुखात्मिकेवरील प्रसिद्ध निबंध १८२२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षी 'एलिया'च्या निबंधांत समाविष्ट झाला. लॅमच्या मते पामरचा जोसेफ हाच नाटकाचा खरा नायक होता. पामर त्याची दांभिकता अशा डौलाने मिरवीत असे, की प्रेक्षकास त्याचा तिरस्कार वाटण्याऐवजी तो डौलच आवडे. पुढच्या काळातील नट मात्र जोसेफला खराखुरा खल करू लागले, सर पीटर खराखुरा दुःखी पती झाला, क्रॅबट्री व बॅकबाइट हे विनोदाच्या उन्हात खेळणारे निरुपद्रवी जीव विषारी झाले. प्रेक्षकाची नीतिबुद्धी फार जागरूक झाल्याने या प्रकारचे नाटक आता संपले, असा लॅमचा निष्कर्ष आहे.

प्रयोगाचे निरीक्षक म्हणून लॅमची बरोबरी करणारे थोडे. कारणमीमांसेत मात्र त्याने एक मोठी गोष्ट वगळली, ती म्हणजे इमारत. १७७७ च्या ड्रूरी लेनमध्ये रंगमंचाचा पुढचा भाग प्रेक्षागृहात शिरलेला होता. नट कक्षांतील प्रेक्षकांच्या जवळ उभा राहून बोले, आणि प्रेक्षागृह उजळलेले असल्याने त्यांचे चेहरे त्यास दिसत. जोसेफची स्वगते तेथे एखाद्या मित्राच्या कानात सांगितल्यासारखी होत असली पाहिजेत. दांभिक मनुष्य ज्या एकाशी खोटे बोलत नाही तो प्रेक्षक, अशी ही योजना होती. १७९४ मध्ये शेरिडननेच त्या जागी ३,६०० हून अधिक प्रेक्षकांचे भव्य नाट्यगृह उभारले (ते १८०९ मध्ये जळाले). पामरने आपली अखेरची चार वर्षे याच वास्तूत काढली. अशा घरात स्वगत कुजबुजता येत नाही, ते ओरडावे लागते. आणि ओरडून सांगितलेला कपटी बेत खलनायकाचाच वाटतो. लॅमने ज्यास नैतिक परिवर्तन म्हटले, त्याचा बराच भाग चुना, लाकूड आणि अंतर यांनी घडविलेला होता. लेखक शेरिडनचे नुकसान व्यवस्थापक शेरिडनने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

सर पीटरच्या बाबतीत लॅमचे मत अधिक सावधपणे घ्यावे लागते. सर पीटर निव्वळ हास्यास्पद असावा, त्याच्या दुःखाने प्रेक्षकास अस्वस्थ करू नये, ही त्याची अपेक्षा. ती पुरी केली तर ८०० पौंडांची तजवीज हा एक पोकळ तपशील राहतो, आणि लेडी टीझलच्या परिवर्तनास कारण उरत नाही. मराठी प्रेक्षकास येथे एक तुलना सुचण्यासारखी आहे. गो. ब. देवलांचे 'संशयकल्लोळ' (१९१६) हे आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग' (१७६१) या ड्रूरी लेनच्याच सुखात्मिकेवरून, व तिच्यामार्फत मोलिएरवरून, घडलेले. फाल्गुनरावाचा संशय समूळ खोटा असल्याने त्यास निःशंकपणे हसता येते. सर पीटरचा संशय चुकीच्या माणसावर आहे, पण पत्नीचा पाय घसरण्याच्या बेतात आहे हे खरे. त्यास हसता हसता प्रेक्षकास क्षणभर थांबावे लागते, आणि आडपडदा पडल्यावरची स्तब्धता याच क्षणाची आहे. लॅमला नको असलेला हा भावनेचा अंश नटांनी बाहेरून आणलेला नाही. तो प्रवेशाच्या रचनेतच आहे.

एकोणिसाव्या शतकाचा उरलेला इतिहास थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. १८७४ मध्ये बँक्रॉफ्ट दांपत्याने प्रिन्स ऑफ वेल्स या लहान नाट्यगृहात केलेल्या प्रयोगात प्रवेशांची फेरमांडणी झाली, अस्सल वाटणारे दिवाणखाने आले आणि लेडी स्नीअरवेलच्या मेजवानीत मिन्युएट नृत्य घातले गेले. हे नृत्य पुढील पिढीस नाटकाचाच भाग वाटू लागले. १९०९ साली हर्बर्ट ट्रीने हिज मॅजेस्टीज येथे तीच परंपरा अधिक खर्चाने चालविली. येथून रेशीम, पावडर आणि पंखे यांचे एक 'शेरिडनी' जग तयार झाले. १९३७ च्या गीलगुडच्या क्वीन्स थिएटरमधील हंगामात टायरोन गथ्रीचे दिग्दर्शन होते, गीलगुड स्वतः जोसेफ आणि पेगी अॅशक्रॉफ्ट लेडी टीझल. १९४९ मध्ये न्यू थिएटरात ऑलिव्हिए व व्हिव्हियन ली यांचा प्रयोग सेसिल बीटनच्या नेपथ्याने सजला. १९६२ मध्ये हेमार्केटला गीलगुडच्या दिग्दर्शनाखाली राल्फ रिचर्डसन सर पीटर झाला. या प्रयोगांतील नटश्रेष्ठांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते, की सौंदर्याची ही परंपरा निंदेची धार बोथट करीत आली. इतक्या देखण्या लोकांनी केलेली निंदा कोणास लागत नाही.

जोनाथन मिलरने १९७२ मध्ये नॅशनल थिएटरसाठी ओल्ड व्हिक येथे केलेला प्रयोग हा या परंपरेवरील सर्वांत गंभीर आक्षेप होय. त्याने रेशीम बाजूस सारून मळके, होगार्थच्या चित्रांतले लंडन उभे केले. निंदा हा रिकामटेकड्यांचा खेळ नसून गर्दीच्या, दरिद्री मनांच्या शहराचा व्यवहार आहे, हे त्यातून दिसले. २०११ साली बार्बिकनमध्ये डेबोरा वॉर्नरने अठराव्या शतकाच्या वेषात आजच्या चैनीच्या वस्तू मिसळल्या. त्या प्रयोगाबद्दल मतभेद झाले. साम्य दाखविण्यासाठी वस्तू मांडणे आणि साम्य प्रतीत होणे या भिन्न गोष्टी आहेत. मिलरला दुसरी साधली.

मोझेसची भूमिका या साऱ्या इतिहासात एकीकडे पडलेली दिसते. पहिला मोझेस रॉबर्ट बॅडली १७९४ च्या नोव्हेंबरात याच भूमिकेचा वेष चढवीत असता आजारी पडला आणि लगोलग वारला. त्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या १०० पौंडांच्या व्याजातून दर ६ जानेवारीस ड्रूरी लेनच्या नटांना केक देण्याची प्रथा पडली. शेरिडनचा मोझेस संहितेत बऱ्यापैकी प्रामाणिक मध्यस्थ आहे. उच्चारांची विडंबने आणि अंगविक्षेप यांची भर घालून रंगभूमीने त्याचे ज्यू समाजाच्या टिंगलीत रूपांतर केले, आणि विसाव्या शतकात ही भर काढून टाकणे दिग्दर्शकांना भाग पडले.

सर ऑलिव्हरला असे कोणी तपासलेले नाही. हिंदुस्थानातून अमाप द्रव्य घेऊन परतलेला हा चुलता नाटकाचा न्यायाधीश आहे. त्याने जोसेफला १२,००० पौंड पाठविले. जोसेफ गरीब नातलगापुढे मात्र चहा, फटाके आणि अॅव्हाडव्हॅट पक्षी एवढेच आल्याचे सांगतो. या चिमुकल्या लाल पक्ष्याच्या इंग्रजी नावात अहमदाबाद दडलेले आहे. चार्ल्स पूर्वजांची सर्व चित्रे विकतो, पण ऑलिव्हरचे विकत नाही, आणि याच एका कृत्याने तो वारस ठरतो. ते द्रव्य कोठून, कसे आले, हा प्रश्न १७७७ च्या प्रेक्षागृहात कोणी विचारला नाही. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १७८७ मध्ये, अवधच्या बेगमांच्या संपत्तीविषयी वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध कॉमन्स सभेत तो विचारणारा वक्ता शेरिडनच होता. निंदकांना मळक्या लंडनमध्ये बसविणारा दिग्दर्शक निघाला. सर ऑलिव्हरच्या पेटीतील पैशाकडे प्रेक्षकाचे लक्ष वेधण्याचे काम रंगभूमीने अद्याप नेटाने हाती घेतलेले नाही, आणि संहिता त्यास मुळीच आडवी येत नाही.