वेरूळचा अंधार आणि पॅरिसचा वाद्यवृंद

नागपूरहून रामटेकला जाताना मनसर लागते. तिथल्या हिडिंबा टेकडीच्या उत्खननात वाकाटककालीन विटांची बांधकामे उघडी झाली. ती पाहताना राजा कोण, देव कोणता, हे आपण विचारतो. इथे कानावर काय पडत असेल, हे सहसा विचारत नाही.

पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या दोघांना मात्र प्राचीन भारताने विसाव्या शतकाच्या आरंभीच खुणावले. गुस्ताव होल्स्ट भारतात कधी आला नाही, पण संस्कृत शिकला. ‘मेघदूता’चे स्वतः भाषांतर करून त्याने समूहगान व वाद्यवृंदासाठी ‘द क्लाउड मेसेंजर’ रचले. १९१३ साली ते लंडनमध्ये सादर झाले. या काव्यातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन होते. दुसरा आल्बेर रूसेल, पूर्वीचा फ्रेंच नौदल अधिकारी. १९०९ मध्ये तो पत्नीसह भारतात हिंडला. त्यातून आलेल्या ‘एव्होकासियाँ’ या कृतीचे पहिले प्रयोग १९१२ साली पॅरिसमध्ये झाले. तिच्या तीन भागांतील पहिला वेरूळवर आहे : ‘गुहांच्या सावलीतले देव’.

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी या वेरूळ-भागाला ‘उपरा’ म्हटले होते. राग नाही, ताल नाही. मग वेरूळ कुठे, असा माझा सवाल होता. आज ते मत मी मागे घेतो. सतार, तबला, हार्मोनियम यांपैकी एकही वाद्य कैलास कोरला गेला त्या आठव्या शतकातले नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात नर्तकीभोवती वादक स्त्रिया कोरल्या आहेत. दगडाने त्यांचे हात राखले. सूर राखले नाहीत. तेव्हा प्राचीन दृश्यामागे तानपुरा लावणारे आपले चित्रपटही अंदाजच बांधतात. फरक इतकाच, की तो अंदाज आपल्या सवयीचा असतो.

होल्स्टकडे शब्द आहेत, म्हणून अर्थाचा भार गायकांवर पडतो. ‘भारत एक खोज’साठी (१९८८) वनराज भाटियांनी नासदीय सूक्त बांधले, तेव्हा त्यांनाही ऋचांचा आधार होता. रूसेलच्या पहिल्या भागात मानवी आवाजच नाही. हे संगीत दबल्या स्वरात सुरू होते, उसळते आणि पुन्हा मावळते. उन्हातून लेण्यात शिरणाऱ्याच्या डोळ्यांना मूर्ती हळूहळू दिसू लागतात, त्या अनुभवाच्या हे फार जवळचे आहे. आठव्या शतकाचे गाणे सापडले, असा त्याचा दावा नाही. एका परक्या प्रवाशाने काय पाहिले, एवढेच ते सांगते. हा प्रामाणिकपणा मला तेव्हा ऐकू आला नव्हता.

तरीही माझी एक तक्रार उरतेच. वेरूळ म्हणजे केवळ अंधार नव्हे. कैलास वरून खाली कोरत आणलेला, आभाळाखाली उघडा आहे. बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी तिथे शेजारी नांदतात. रूसेलच्या सावलीत हे वेगळेपण विरघळते. गूढता उरते, छिन्नी ऐकू येत नाही. देवांना त्याने सूर दिले, पाथरवटांना दिले नाहीत.

मनसरवर उद्या कोणी वाद्यवृंद रचला, तर त्यात सतार आहे का, हे मी विचारणार नाही. विटा रचणारे हात त्यात ऐकू येतात का, एवढेच पाहीन.