थाळीतला मेक्सिको : दूरचित्रवाणीची संहिता आणि बालप्रेक्षक

परक्या संस्कृतीची पहिली ओळख मुलांना अन्नातून करून द्यावी, हे मत अध्यापनात इतके रूढ झाले आहे की त्यामागील गृहीतक सहसा तपासले जात नाही. अन्न जिभेला कळले की ते रांधणारी माणसेही कळतात, असे ते गृहीतक आहे.

अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर २०११ मध्ये सुरू झालेली ‘पातीज मेक्सिकन टेबल’ ही मालिका या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. मेक्सिको सिटीत जन्मलेल्या, पूर्वी राजकीय विश्लेषक असलेल्या पाती हिनिच मेक्सिकोतील बाजार व स्वयंपाकघरे हिंडतात आणि तेथील पदार्थ अमेरिकेतील आपल्या घरी रांधतात. मालिका मुलांसाठी रचलेली नाही. तथापि निवेदिकेचे मुलगे तीत येतात, पदार्थ चाखतात, आईशी बोलतात. संहितेचा अभिप्रेत प्रेक्षक त्यामुळे लहान वयाचाही होतो, आणि मेक्सिको हे पर्यटनस्थळ न राहता आईचे माहेर होते. ही तिची खरी कमाई.

अडचण आहे ती या प्रकारच्या कार्यक्रमांच्या संकलनात. तोर्तियासाठी वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, धुतात, मग वाटतात. वाटण्याचा परंपरागत दगड म्हणजे मेताते. मराठी घरातल्या पाट्या-वरवंट्याचा हा दूरचा नातलग. त्यावरचे वाटण बाईच्या दिवसाचे कित्येक तास खात असे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात ना ती रात्र मावते, ना ते तास. मका भिजतो आणि पुढल्याच दृश्यात तोर्तिया तव्यावर फुगते.

हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. युरोपने मका नेला. चुन्याची प्रक्रिया नेली नाही. तिच्याविना मक्यातील नायासिन शरीराला पुरेसे मिळत नाही. अठराव्या शतकात उत्तर इटलीत आणि विसाव्याच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला. पदार्थ उचलावा आणि ज्ञान मागे ठेवावे, हेच संकलनाची कात्री पुन्हा करते, अर्थात निरुपद्रवीपणे. रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’मध्ये (१९५७) शोभेच्या पाककलेची चिकित्सा करताना अन्न झाकणाऱ्या चकचकीत पृष्ठभागाकडे बोट दाखवले होते. येथे झाकले जातात ते श्रम. युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकोच्या परंपरागत पाककलेला अमूर्त वारशात स्थान दिले तेव्हा मिल्पा शेती आणि चुन्याची ही प्रक्रिया, दोन्ही त्या वारशाचा भाग मानल्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

मक्याची पुढली गोष्ट तर चवीत मुळीच उतरत नाही. १९९४ च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारानंतर स्वस्त अमेरिकी मका मेक्सिकोत आला आणि लहान शेतकऱ्यांना त्याची झळ बसली. सीमेवरच्या जीवनाकडे वळण्यासाठी हिनिच यांनाही ‘ला फ्रोन्तेरा’ (२०२१) हा वेगळा कार्यक्रम करावा लागला. शिक्षक वर्गात दाखवण्यासाठी निवडतो तो मात्र बहुधा तोर्तियाचाच भाग. आणि अमेरिकेतल्या त्या वर्गात एखाद्या बाकावर अशा शेतकऱ्याची नातही बसलेली असू शकते.